चित्रातली पाठमोरी

हे खरं आहे का, असं मला कमेंटमध्ये विचारू नका. विचारायचंच असेल तर माझ्या नणंदेला विचारा. त्या काही सांगणार नाहीत. पण त्या आता आमच्या घरी एकट्या थांबत नाहीत, एवढं तुम्हाला नक्की दिसेल.

आणि हे रात्री घडलेलं नाही.

भर दुपारी घडलं. कामाचा दिवस, रस्त्यावर गाड्यांची गर्दी, आणि शहरातली आर्ट गॅलरी. घाबरायला जागाच नाही अशा ठिकाणी.

थोडं घरचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझ्या सासूबाई, म्हणजे आई, अर्धांगवायूने अंथरुणावर आहेत. उजवी बाजू पूर्ण गेली. तोंड वाकडं झालं, पण बोलणं गेलं नाही. आई शाळेत शिक्षिका होत्या. अजूनही हातात लाल पेन असल्यासारख्या बोलतात. भात फडफडीत, चूक. पाणी कोमट, चूक. माझे हात खरखरीत, मोठी चूक.

हे फिरतीवर असतात. कारखान्यांमधली मशीनं दुरुस्त करायला गावोगाव जातात. मी पूर्वी चष्म्याच्या दुकानात कामाला होते. लोकांच्या नाकावर फ्रेम बसवून आरसा धरायचे. ते सुटलं. आता माझं काम एकच.

दर दोन तासांनी आईंची कूस बदलायची. पाठीला उशी लावायची. खालची चादर ओढून ताणून सरळ करायची.

चादर म्हणजे काय, ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. एक सुरकुती राहिली तरी ती पाठीत रुतते. कातडी लाल होते, मग फुटते. आईंच्या कमरेखाली तशी जखम झालीच होती. मी दिवसभर त्या चादरीशी भांडायचे. इकडून ओढली की तिकडे गोळा. तिकडून ओढली की इकडे.

झोपेत सुद्धा माझे हात चादर ओढायचे म्हणे. ह्यांनीच सांगितलं, हसत हसत.

तर त्या दिवशी ताई आल्या. ताई म्हणजे ह्यांची मोठी बहीण. दारातच माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, आरशात बघितलंस का स्वतःला? आईपेक्षा तूच आजारी दिसतेस."

"ताई, चहा टाकू?"

"चहा मी टाकते. तू नीघ. सिनेमाला जा, मैत्रिणीकडे जा, कुठेही जाऊन झोप. संध्याकाळपर्यंत तोंड दाखवू नकोस."

मला अक्षरशः घराबाहेर काढलं त्यांनी.

अंगावर तोच धुवून धुवून पांढरा पडलेला ड्रेस. खांद्याला पर्स. आणि जायचं कुठे?

सिनेमाचे पैसे जिवावर आले. मैत्रिणींना फोन करायचा तर आधी इतके दिवस फोन का केला नाही ते सांगावं लागलं असतं. चालत चालत चौकात आले आणि गॅलरीच्या दारावरचा फलक दिसला. कोरियाची पारंपरिक चित्रं आणि मातीची भांडी. प्रवेश मोफत.

कोरियाबद्दल मला काय माहीत? काही नाही. पण आत एसी असणार आणि बसायला बाक असणार, एवढं माहीत होतं.

आत चिटपाखरू नव्हतं.

खालच्या दालनात भांडी होती. शेवाळी पाण्याच्या रंगाच्या फुलदाण्या, त्यावर उडणारे पांढरे बगळ्यांसारखे पक्षी. मधोमध काचेच्या पेटीत एक मोठा पांढरा घडा. माझ्या कवेत मावला नसता एवढा. बाजूच्या पाटीवर लिहिलं होतं की इतका मोठा घडा चाकावर एकदम उभा राहत नाही, बसतो. म्हणून दोन मोठे वाडगे करून तोंडाला तोंड लावून जोडतात.

नीट बघितलं तर तो एका अंगाला जरा कललेला होता. कुणीतरी कमरेवर वजन घेऊन उभं राहावं तसा.

मला तो फार आवडला. म्हटलं, हा आपल्यातला.

जिना चढून वर गेले. वर चित्रं. शाईने काढलेले डोंगर, धुकं. एक वाघ होता, डोळे तिरळे, आणि तोंडावर भाव असा की दूध सांडताना पकडलेलं मांजर. मी हसले. मोठ्याने. आणि लगेच मागे वळून बघितलं, कुणी ऐकलं की काय.

जिन्याजवळ सिक्युरिटीच्या बाई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी मान सुद्धा वर केली नाही.

अगदी शेवटी एक छोटी खोली होती. तिथे एकच चित्र लावलेलं, आणि समोर बाक.

मी बाकावर बसले. पाय इतके दुखत होते की चपला काढल्या.

चित्र तसं साधं होतं. चटईवर बसलेल्या दोन बायका. मध्ये एक सपाट दगड, दगडावर घडी केलेलं कापड, आणि दोघींच्या हातात लाकडी दांडकी. पाटीवर लिहिलं होतं, धुतलेलं कापड असं दगडावर तासन् तास बडवायचं, म्हणजे सुरकुत्या जातात आणि कापडाला चकाकी येते. हे बायकांचं काम.

वाचून मला हसू आलं. म्हटलं, तिथेही तेच का.

एकीचं तोंड आपल्याकडे होतं. वयस्कर, चेहरा शांत. दुसरी पाठमोरी. तिचं तोंड दिसतच नव्हतं. मानेवर सैल अंबाडा, पांढरे कपडे, आणि खांदे...

खांदे असे उतरलेले, की मला वाटलं, हिला मी ओळखते.

किती वेळ बघत बसले कोण जाणे. एसीचा आवाज होता, घूं... असा. मग त्या आवाजाखाली दुसरा आवाज ऐकू यायला लागला.

टक... टक...

टक... टक...

कुठेतरी खिळे ठोकत असतील, असं वाटलं. एकाने मारावं, दुसऱ्याने झेलावं, तसा तो आवाज होता. न चुकता.

डोळे मिटायला लागले.

झोपेत जाता जाता एवढंच कळलं की आता एकच ठोका ऐकू येतोय. मधला दुसरा गळलाय.

टक...

...

टक...

"मॅडम! अहो मॅडम!"

सिक्युरिटीच्या बाई माझा खांदा हलवत होत्या. "बंद करायची वेळ झाली."

मी ताडकन उठले, चपला शोधायला लागले. बाई माझ्याकडे विचित्र बघत होत्या.

"तुम्ही परत कधी आलात?" त्यांनी विचारलं.

"परत?"

"मघाशी गेलात की तुम्ही. माझ्यासमोरून जिना उतरून."

"मी इथेच झोपले होते."

"मग दुसरं कोणी असेल." त्यांनी जिन्याकडे बघितलं. "पण वर तुमच्याशिवाय कोणी आलंच नव्हतं. आणि हाच ड्रेस होता. मी पाठीमागून बघितलं ना."

मी पर्स उचलली. निघताना सहज चित्राकडे नजर गेली. झोपेतून उठल्यावर डोळे चोळत बघतो, तसं बघितलं. काहीतरी कमी वाटलं. पण काय, ते तेव्हा लक्षात आलं नाही.

बसमध्ये, खिडकीशी बसल्यावर लक्षात आलं.

चित्रात एकच बाई होती.

तिच्या समोरची चटई रिकामी होती.

मी स्वतःला समजावलं. झोपेत होते. उजेड कमी होता. इतकी गाढ झोप किती महिन्यांनी लागली होती, आणि डोकं अगदी हलकं झालं होतं. ते सुख मला चित्रावरून घालवायचं नव्हतं.

घरी आले. बेल वाजवली. ताईंनी दार उघडलं.

"आता कुठे गेली होतीस परत? दूध आणायला?"

परत. पुन्हा तोच शब्द.

"ताई, मी आत्ता येतेय. गॅलरीत गेले होते."

"पुरे गं थट्टा. एक तर फुगून बसलीस दुपारभर."

"मी?"

"नाहीतर कोण? मी सोफ्यावर पेपर वाचत होते. तू आलीस, माझ्याशी एक अक्षर बोलली नाहीस, सरळ आईच्या खोलीत गेलीस आणि दार लावलंस. म्हटलं, बाईसाहेबांना घरी राहवत नाही आणि बाहेर करमत नाही. मग आत तुझी ठोकाठोक सुरू झाली."

"कसली ठोकाठोक?"

"मला काय माहीत! गादी बडवत होतीस की काय. टक टक, टक टक. ऐकता ऐकता माझा डोळा लागला."

"ताई, मला दार कोणी उघडलं?"

"तुझ्याकडे किल्ली आहे ना?"

मी पर्स उघडली. किल्ली आत होती. तिच्यावर पर्समधल्या गोळीचा कागद चिकटलेला होता, तसाच.

ताईंचं हसू हळूहळू गेलं.

"ताई, माझं तोंड बघितलंत तुम्ही?"

त्या आठवायला लागल्या. "पाठ होती," त्या म्हणाल्या. "तू पाठमोरीच आत गेलीस."

आम्ही दोघी आईंच्या खोलीत गेलो.

आई कुशीवर झोपल्या होत्या, भिंतीकडे तोंड करून. पाठीला उशी, गुडघ्यांमध्ये उशी, जशी लावायला हवी अगदी तशी. केस विंचरलेले. घोरण्याचा आवाज मंद, लहान मुलासारखा.

आणि चादर...

मी वाकून बघितलं. हात फिरवला.

एक सुद्धा सुरकुती नव्हती. कागदासारखी सपाट. तिला चकाकी होती. आमच्या त्या जुन्या चादरीला! आणि ती गार होती. गॅलरीत त्या पांढऱ्या घड्याच्या काचेला माझं बोट चुकून लागलं होतं, तशी गार.

आईंना जाग आली. वळून न बघता त्या म्हणाल्या, "आज हात गार होते तुझे. बरं वाटलं."

लग्न होऊन आल्यापासून त्यांनी माझं केलेलं ते पहिलं कौतुक. आणि ते माझं नव्हतं.

रात्री ह्यांना फोनवर सगळं सांगितलं. हे म्हणाले, "तुला झोपेची गरज आहे." त्याबद्दल वाद नव्हताच.

ताई घाबरल्या होत्या, पण त्याही म्हणाल्या, "मी अर्धवट झोपेत असेन गं. वय झालं माझं." आम्ही दोघींनी मिळून ते झाकून टाकलं. थकलेल्या माणसांना तेवढंच जमतं.

पण चादर काही झाकता येईना.

तिला सुरकुती पडेचना. आईंना वळवलं, पुसलं, बसतं केलं, तरी ती सपाट. मी ओढायला हात घालायचे आणि ओढायला काही नसायचं. ड्रेसिंगला येणारी नर्स जखम बघून म्हणाली, "वा, भरत आलीय. हात आहे तुमच्याकडे."

मी चादरीवरून हात फिरवला.

मग चादर धुवावी लागली. दुसरी घातली. आणि पुन्हा माझं भांडण सुरू. इकडून ओढ, तिकडे गोळा.

पुढच्या वेळी ताई आल्या तेव्हा मीच म्हटलं, "ताई, मी जरा बाहेर जाऊन येऊ?"

"जा. पण बाई, फोन चालू ठेव."

मी ते चित्र नीट बघायला चालले आहे, असं स्वतःला सांगितलं. दोन बायका आहेत हे एकदा डोळ्यांनी बघायचं, म्हणजे मनातली शंका जाईल. भीती वाटत नव्हती असं नाही. पण भीतीपेक्षा झोप मोठी होती.

गॅलरीत त्या दिवशीही शुकशुकाट. सिक्युरिटीच्या बाई दुसऱ्या कोपऱ्यात फोनवर बोलत होत्या. मी सरळ शेवटच्या खोलीत गेले.

चित्रात दोघी होत्या.

इतकं हायसं वाटलं! एक समोरून, एक पाठमोरी. मध्ये दगड. मी बाकावर टेकले आणि डोळे पुसले. बघ, म्हटलं, काही नाही. उगाच.

आता उठायचं होतं. घरी जायचं होतं. ताईंना सांगायचं होतं.

टक... टक...

फक्त जरा वेळ, म्हटलं.

टक... टक...

या वेळी झोप लागली नाही. तेच वाईट झालं. डोळे उघडे होते माझे. एकदाच पापणी लवली असेल. त्या एका लवण्यात पाठमोरीची चटई रिकामी झाली.

दांडकी तिथेच होती. कापडावर आडवी ठेवलेली. आत्ताच कोणी ठेवून उठावं तशी.

आणि माझ्या मागून, दाराकडे, पावलं गेली. अनवाणी. घाई नसलेली.

मला मान वळवता येईना.

एकच ठोका चालू होता आता. समोरच्या म्हातारीचा.

टक...

आणि मध्ये जी रिकामी जागा होती, जिथे दुसरा ठोका पडायचा, तिथे काहीतरी हलकंसं वाजत होतं. थप. अगदी हळू. माझ्या जवळच.

टक... थप... टक... थप...

मी खाली बघितलं.

माझा उजवा हात वर जात होता आणि मांडीवर पडत होता. वर जात होता आणि पडत होता. म्हातारीच्या ठोक्याला ठोका देत. न चुकता.

मी तो थांबवायला गेले. डाव्या हाताने धरायला गेले, तर डावाही उचलला गेला.

आणि खरं सांगते... बरं वाटत होतं. विचार नाही, हाका नाही, औषधाची वेळ नाही. फक्त हात वर, हात खाली. पाठ वाकायला लागली. खांदे उतरायला लागले.

मी वर बघितलं. चित्रातल्या म्हातारीचे डोळे आधी कापडावर होते. आता ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. दुकानात नवीन मुलगी कामाला लागली की मी तिच्याकडे जसं बघायचे, तसं. जमेल हिला, अशा नजरेने.

तेवढ्यात पर्समध्ये फोन वाजला.

तो कितीदा वाजला, कुणास ठाऊक. फोन घ्यायचा म्हणजे एक ठोका चुकवायचा, आणि तो चुकवायला मला किती जोर लावावा लागला ते सांगून कळणार नाही. भरलेली बादली चिखलातून ओढावी तसा तो हात मी ओढून काढला.

"हॅलो..."

"कुठे आहेस तू?" ताई कुजबुजत होत्या.

"गॅलरीत."

मग मागून, त्यांच्या फोनमधून, मला ऐकू आलं.

टक... टक...

"गॅलरीत आहेस," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला होता. "मग आईच्या खोलीत कोण आहे?"

मी उठले. कशी उठले माहीत नाही. दारातून एकदा मागे बघितलं. म्हातारीने हातातली दांडकी खाली ठेवली होती. दोन्ही हात मांडीत घेऊन ती नुसती बसली होती. एकटी.

जिन्यात सिक्युरिटीच्या बाई भेटल्या. मला बघून त्यांनी फोन कानापासून खाली घेतला. मला वाट देऊन भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या.

बस, सिग्नल, माणसं. सगळे इतके हळू का चालतात?

ताई आमच्या मजल्याच्या जिन्यावर बसल्या होत्या. पायात काही नाही. घराचं दार सताड उघडं.

"आतून कडी आहे खोलीला," त्या म्हणाल्या. "मी हाका मारल्या. आईला मारल्या. कोणी ओ दिली नाही. मला एकटीला नाही थांबवलं गं आत. मला नाही थांबवलं."

"ताई, आईंना काही..."

"मला माहीत नाही!"

मी आत गेले. ताई माझ्या ड्रेसला धरून मागे.

घरात आवाज नव्हता. घड्याळ, फ्रिज, काही नाही. नळ नेहमी ठिबकतो, तोही नाही.

खोलीचं दार लोटलेलं होतं. कडी काढलेली.

आई कुशीवर. तोंड भिंतीकडे. चादर खालून वरपर्यंत चकाकत होती.

"आई," मी हाक मारली. "आई, मी आले."

"कोण?"

"मी. तुमची सून."

आई वाकड्या तोंडाने, पण स्पष्ट म्हणाल्या, "तू नाही. ती."

"ती कोण, आई?"

"आत्ता इथे होती. तिला बोलव."

ताई रडायला लागल्या. मी आईंच्या उशाशी बसले. "आई, कशी दिसते ती?"

"मला काय माहीत? मला भिंतीकडे वळवते ना. मग करते सगळं." त्यांचा डावा हात चादरीवरून फिरत होता. "तिचं एक काम बघ आणि तुझं एक काम बघ."

"ती काही बोलली का?"

"बोलत नाही. बडबड नाही तिची." मग खूप वेळाने, झोपेत जाता जाता, "पण तिला परत जायचं नाहीये. मला कळलं ते. मी म्हटलं, राहा."

"काय म्हटलं?"

"राहा म्हटलं. घर काय, मोठं आहे."

त्या झोपल्या.

दुसऱ्या दिवशी ताईंनी ह्यांना बोलावून घेतलं. हे काम मध्येच टाकून आले, सगळं ऐकलं, दाराची कडी वरखाली करून बघितली. शेवटी म्हणाले, "दिवसभराची एक बाई ठेवू. तू एकटीने नको करूस." माझ्यावर विश्वास ठेवला नाही, पण पाठीवर हात ठेवला. मी त्यावर भागवलं.

मी गॅलरीत पुन्हा गेले नाही. ह्यांना पाठवलं. ते हात हलवत परत आले. प्रदर्शन उठलं होतं. लाकडी खोकी भरून ट्रकने पुढच्या शहरात गेली होती.

"त्या चित्रात किती बायका होत्या, विचारलंत का कुणाला?"

"असं कसं विचारणार?" हे म्हणाले.

तेही खरंच.

हे फिरतीवर गेले आणि कामाला मावशी आल्या. रुग्ण सांभाळण्यात केस पांढरे झालेल्या, बोलायला फटकळ, हाताला जड. मला आवडल्या. वाटलं, आता सुटले.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी पिशवी उचलली. "बाई, मी उद्यापासून येत नाही."

"का हो? आई काही बोलल्या का?"

"त्यांचं काय मनावर घ्यायचं! पण घरात आधीच माणूस आहे, तर मला कशाला बोलावलंत? मी पाणी आणायला बाहेर गेले की ती उठते, कामाला लागते. मी येईपर्यंत सगळं झालेलं. दिवसभर मी नुसती भिंतीला टेकून. असं फुकटचं बसायची सवय नाही मला."

"कोण उठते, मावशी?"

"तुमची बहीण ना ती? तुमच्यासारखीच आहे मागून." मावशी चपला घालायला लागल्या. "माणूसघाणी आहे पण. चार शब्द बोलायचे तर पाठ वळवून बसते."

त्या म्हाताऱ्या बाईला काय सांगणार? दार लावलं आणि तिथेच उभी राहिले.

आईंच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. आई हसत होत्या. आजारपणानंतर मी त्यांना हसताना ऐकलंच नव्हतं.

मी आत गेले नाही. बाहेरच्या खोलीत दिवा लावला आणि बसले.

याला आता बरेच दिवस झाले. ताई येतात, पण ह्यांच्या सुट्टीतच, आणि दारातूनच बघतात. म्हणतात, घर सोडा. आईंना उचलून कुठे जाणार? आणि तिकडे ती येणार नाही कशावरून? नर्सने ड्रेसिंग बंद केलंय. जखम पूर्ण भरली. आईंचं वजन वाढलंय. माझ्याकडे आता दुपारभर काही काम नसतं. हवी ती झोप मिळते. जी मला हवी होती तीच.

मला तिचं तोंड अजून दिसलेलं नाही. आणि खरं तर ती आईंचं करते याची मला भीती वाटत नाही.

पण काल सकाळची गोष्ट.

मी लहानपणापासून उताणी झोपते. कूस बदलत नाही, ह्यांना माहीत आहे. काल सकाळी जाग आली तेव्हा मी कुशीवर होते.

तोंड भिंतीकडे होतं.

पाठीला उशी लावलेली होती. गुडघ्यांमध्येही एक. नीट, जिथे लावायला हवी तिथेच.

हे घरी नव्हते.

मला वळून बघायचं होतं. उठायचं होतं, ताईंना फोन करायचा होता.

पण इतकं बरं वाटत होतं...

म्हटलं, जरा वेळ पडते.